सनद, बार कौन्सिल आणि अशील

मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दाराशी साठ वर्षांपूर्वी काय चालत असे, याचे वर्णन सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात सापडते. काही वकील प्रवेशद्वारापाशी टपून उभे राहात. काम घेऊन येणारा माणूस दिसला की त्याच्या दिशेने धावत, त्याचे कागद आपल्याकडे ओढत, एकमेकांची फी पाडत आणि प्रसंगी हातघाईवर येत. हा प्रकार कधी कधी बार लायब्ररीपर्यंतही पोहोचे. उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने १९६४ नंतर या वकिलांची चौकशी केली. शिस्तपालन समितीने त्यांना दोषी धरून तीन वर्षांसाठी सनदा स्थगित केल्या. वकिलांनी बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील केले आणि तिथे ते सुटले. त्याविरुद्ध महाराष्ट्राची बार कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेली. वकिली व्यवसायाच्या शिस्तीचा विषय निघाला की आजही ज्याचा दाखला दिला जातो, तो हा दाभोळकर खटला.

या खटल्यातले न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचे निकालपत्र वाचनीय आहे. त्यांची इंग्रजी नेहमीच सणासुदीचे कपडे घालून येते, तशीच इथेही आली आहे. वकिली म्हणजे व्यापार नव्हे आणि वकीलपत्र म्हणजे बाजारातला माल नव्हे, हा त्यांचा मुद्दा पुढे शेकडो निकालांत फिरला. दिल्लीतल्या अपील समितीने लावलेला अर्थही त्यांनी खोडून काढला. त्या समितीच्या मते वकिलाने कामाची मागणी केली पाहिजे, ती विशिष्ट व्यक्तीकडे केली पाहिजे आणि विशिष्ट खटल्यासंबंधी केली पाहिजे. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच गैरवर्तन. असा अर्थ घेतला तर दारात उभे राहून जो येईल त्याच्यावर झडप घालणारा सुटतो आणि एखाद्याला पत्र लिहिणारा सापडतो. कृष्ण अय्यर यांनी हा अर्थ सपशेल नाकारला, आणि ते योग्यच होते.

पण निकालपत्र पुन्हा वाचले की एक गोष्ट खटकते. ज्याच्या हातातले कागद ओढले गेले तो माणूस त्यात जवळजवळ नाही. तो कोण होता, त्याने किती पैसे दिले, ज्याच्या हाती त्याचे कागद पडले त्याने त्याचे काम केले की नाही, यावर निकालपत्र थांबत नाही. तिथे जखम झाली आहे ती व्यवसायाच्या प्रतिष्ठेला. याला आणखी एक बाजू आहे. त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरांकडे काम येई ते सॉलिसिटरांच्या हातून. तिथे दाराशी उभे राहायची गरजच नव्हती. जिमखाना, जेवणावळी आणि जातीतली ओळख ही कामे शांतपणे करत. मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या वकिलामागे असा सॉलिसिटर नव्हता, त्याला त्याच्या पायांवरच धावावे लागे. त्याचे वागणे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही. तरी काम मिळवण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती अशोभनीय ठरली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

खटल्याचा दुसरा भाग रूक्ष म्हणून बहुतेकांनी सोडून दिलेला असतो, मला मात्र तोच महत्त्वाचा वाटतो. प्रश्न असा होता की राज्याची बार कौन्सिल मुळात अपील करू शकते का? १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार अपिलाचा हक्क असतो तो निर्णयाने पीडित झालेल्या व्यक्तीला. मग वकील निर्दोष सुटला तर पीडित कोण? १९७० मध्ये हाच प्रश्न महाराष्ट्रातूनच आला होता. लंडनमधल्या एका दुकानात किरकोळ चोरी केल्याबद्दल दंड झालेल्या मुंबईच्या वकिलाला राज्याच्या समितीने मोकळे सोडले. महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता एच. एम. सीरवई यांनी त्याविरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील केले आणि तिथे वकिलाची सनद वर्षभरासाठी स्थगित झाली. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की महाधिवक्ता या निर्णयाने पीडित होत नाहीत, सबब त्यांना अपील करता येत नाही. राज्यघटनेवरचा प्रमाणग्रंथ लिहिणारा माणूस तांत्रिक मुद्द्यावर हरला. पुढे संसदेने १९७३ च्या दुरुस्तीने महाधिवक्त्यांना अपिलाचा हक्क दिला. १९७५ मध्ये दाभोळकर खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सरन्यायाधीश ए. एन. राय यांच्या अध्यक्षतेखाली ठरवले की राज्याची बार कौन्सिलसुद्धा पीडित ठरू शकते, कारण व्यवसायाची पातळी आणि शुद्धता राखणे हे तिचे काम आहे आणि त्यात लोकांचे हित आहे.

निर्णय योग्य होता. त्याशिवाय ते अपील चाललेच नसते. परंतु पाच वर्षांत देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा बसून पीडित कोण याचा कीस काढला, आणि दोन्ही वेळा चर्चेतली नावे होती महाधिवक्ता आणि बार कौन्सिल. तक्रारदार अशिलाला अपील करता येते, हे कायद्यात बसते. मात्र शिस्तीच्या कायद्याची घडण ज्या कल्पनेवर झाली तिच्यात तो मध्यभागी कधीच नव्हता. असे का झाले, हे समजण्यासाठी १९६१ च्या मागे जावे लागते.

सनद हा शब्दच बोलका आहे. सनद राजा देतो. इनामाची असो की वकिलीची, देणाऱ्याला ती काढून घेता येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या लेटर्स पेटंटच्या दहाव्या कलमाने वाजवी कारण असल्यास वकिलाला काढून टाकण्याचा किंवा निलंबित करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला दिला. वाजवी कारण म्हणजे काय, हे ठरवणारेही न्यायालयच. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या काही वकिलांबद्दल अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारला पत्र लिहिले. समिती सांगेल ते कायदे मोडण्याची शपथ घेतलेला माणूस कायद्याचा व्यवसाय कसा करू शकतो, असा त्याचा रोख. सरन्यायाधीश मॅक्लाउड यांच्या न्यायालयाने त्या वकिलांना ताकीद दिली. केनेडी यांचे पत्र गांधींनी ‘यंग इंडिया’त छापले, त्याबद्दल त्यांच्यावर आणि महादेव देसाईंवर अवमानाची कारवाई झाली. गांधींनी न्यायालयाला हवी तशी माफी मागायला नकार दिला, आणि मार्च १९२० मध्ये दोघांना कडक शब्दांत समज देऊन प्रकरण मिटले.

लंडनमध्ये याहून कठोर घडले. श्यामजी कृष्णवर्मांना इनर टेंपलने १९०९ मध्ये काढून टाकले. त्याच वर्षी ग्रेज इनने सावरकरांना बॅरिस्टरीची सनद द्यायला नकार दिला. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर नोव्हेंबर १९२२ मध्ये इनर टेंपलने गांधींचे नाव कमी केले. गांधींचे नाव पुन्हा लावले गेले १९८८ मध्ये, कृष्णवर्मांचे २०१५ मध्ये. यांतल्या कोणाविरुद्धही कुणा अशिलाची तक्रार नव्हती. गांधींच्या बाबतीत तर उलटच म्हणावे लागेल.

तेव्हा स्वतंत्र भारतात कायदा करताना वकिलांना भीती कशाची होती, हे उघड आहे. सनद सत्तेच्या मर्जीवर राहू नये. न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखालच्या अखिल भारतीय बार समितीने १९५३ मध्ये अहवाल दिला, त्यातून पुढे १९६१ चा कायदा आला आणि शिस्तीचा अधिकार उच्च न्यायालयांकडून निवडून आलेल्या बार कौन्सिलांकडे गेला. शिस्तपालन समिती तीन जणांची, दोघे कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरून घेतलेला किमान दहा वर्षे वकिली केलेला वकील. म्हणजे तिघेही वकीलच. १९१९ चा धडा पाठ असलेल्या पिढीने सत्तेला दूर ठेवण्यासाठी ही रचना केली. त्या पिढीचे चुकले असे मला वाटत नाही. आणीबाणीत काही ज्येष्ठ वकील सरकारविरुद्ध उभे राहू शकले, त्यामागे सनद सरकारच्या हातात नसण्याचा भाग होताच. पण न्यायमूर्तींच्या जागी वकील आले, तेव्हा अशील होता तिथेच राहिला. आधी न्यायालयाच्या प्रतिष्ठेसाठी शिस्त होती, आता व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी झाली.

याचा अर्थ जुनी न्यायालये अशिलाकडे पाहतच नसत असा नव्हे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले प्रकरण, ज्यात वकिलाचे नाव निकालपत्रात फक्त ‘जी’ असे आहे, मुंबईचेच होते. वसुली होईल त्यातला निम्मा हिस्सा आपल्याला, असा करार या वरिष्ठ वकिलाने अशिलाशी केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिन्यांसाठी त्यांना निलंबित केले. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिले त्याचा आशय असा, की दुसऱ्या कुणी हा करार केला असता तर तो आपल्याकडे बेकायदा नाही. वकिलाने केला तर ते गैरवर्तन आहे, कारण खटल्याच्या निकालात ज्याचा वाटा आहे तो अशिलाला सरळ सल्ला कसा देणार? इथे प्रतिष्ठेचा मुद्दा आहेच, पण तो अशिलाच्या हिताला धरून आहे. पोटाची चाकोरी न सोडणारे असे निकालपत्र या विषयात विरळाच. आजही गावोगाव भूसंपादनाच्या आणि अपघात भरपाईच्या दाव्यांत टक्क्यांवर फी ठरते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सत्तर वर्षांपूर्वीच्या निकालाचे अप्रूप वाटेल.

नव्या व्यवस्थेत न्यायालय आणि बार कौन्सिल यांच्यात ओढाताण झाली ती बहुधा न्यायाधीशाचा अपमान झाला तेव्हा. ९ मार्च १९९४ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील विनयचंद्र मिश्र यांची न्यायमूर्तींशी चकमक झाली. मिश्र तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. १० मार्च १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल सहा आठवड्यांची स्थगित कैद सुनावली आणि तीन वर्षे वकिली करण्यास मनाई केली. जो स्वतःच शिस्तीच्या संस्थेचा प्रमुख आहे त्याला शिस्त कोण लावणार, हा प्रश्न खरा होता. तरीही १९९८ मध्ये घटनापीठाने तो भाग रद्द ठरवला: अवमानाची शिक्षा देताना सर्वोच्च न्यायालयाला सनद स्थगित करता येत नाही, तो अधिकार कायद्याने बार कौन्सिलचा आहे. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. मला लक्षात राहतो तो वेग. न्यायाधीशाच्या अपमानाचा निकाल एक वर्ष एक दिवसात लागला. दाभोळकर खटल्याला अकरा वर्षे लागली होती.

कायद्यात मुदतच नाही असे मात्र नाही. कलम ३६-ब म्हणते की राज्याच्या शिस्तपालन समितीने तक्रार वर्षभरात निकाली काढावी, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाईल. कलम करणाऱ्यांना वाटले असेल की प्रकरण हातातून जाण्याच्या भीतीने राज्याची समिती हलेल. प्रत्यक्षात ते वर्षाच्या शेवटी फाइल दिल्लीला पाठवण्याचे साधन झाले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की एक वर्षाची मुदत पाळा, आणि दिल्लीला गेलेली प्रकरणेही वर्षात संपवा. आता नांदेड किंवा चंद्रपूरकडच्या माणसाची तक्रार घ्या. वकिलाने दावा दाखलच केला नाही, तारखा खोट्या सांगितल्या आणि मुदत निघून गेली. वकील आपल्याच तालुक्यातला, दुसरा वकील त्याच्याविरुद्ध उभा राहायला नाखूष. आधी मुंबई, मग दिल्ली. पुरावा अर्धफौजदारी कसोटीचा, त्यात शंका आली तर फायदा वकिलाला. कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण लोकांनी उगीच केलेली नाही. आणि ही तर पायरीच्याही आतली पायरी.

समजा हे सगळे पार पडले. कलम ३५ नुसार समिती काय करू शकते? तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी सनद स्थगित करू शकते किंवा नाव काढून टाकू शकते. अशिलाने दिलेली फी परत करायला लावण्याचा, बुडालेल्या दाव्याची भरपाई देण्याचा उल्लेख त्यात नाही. फार तर खर्चाचा हुकूम होतो. वर्षभर वकील घरी बसला, पण अशिलाचे पंधरा हजार गेले ते गेलेच. अशिलाचे कागद फीसाठी अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले, हा अशिलांच्या दृष्टीने मोठाच निकाल. पण तो मिळवणारा अशील मध्य प्रदेशची राज्य सहकारी बँक होती आणि वकिलाची अठरा महिन्यांची मनाई शेवटी समजेवर आली. एकट्या माणसाने इतके लढले असते का, याची शंका येते.

म्हणूनच लोक ग्राहक मंचाकडे वळले. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते असे म्हटले होते. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढले. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि पंकज मिथल यांच्या पीठाचे म्हणणे असे, की वकिली हा वेगळ्याच जातीचा व्यवसाय आहे, अशिलाचे वकिलावर नियंत्रण असते, त्यामुळे हा व्यक्तिगत सेवेचा करार ठरतो, आणि शिस्तीसाठी अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आहेच. यातले पहिले आणि तिसरे कारण मी समजू शकतो. दुसरे वाचताना मात्र थांबायला होते. अशिलाचे वकिलावर नियंत्रण असते! वकीलपत्रावर सही करताना त्यातल्या मजकुरात वकिलाला काय काय अधिकार दिले जातात हे किती अशील वाचतात? इंग्रजीत चाललेल्या सुनावणीला मागच्या बाकावर बसून आपला वकील काय बोलला हे शेजाऱ्याला विचारणारा माणूस कोणाचे नियंत्रण करत असतो? निकालातला हा भाग मोठ्या कंपनीला आणि तिच्या वकिलाला लागू पडेल, जिल्हा कोर्टातल्या माणसाला नाही. दिवाणी दावा करून नुकसानभरपाई मागायला मोकळीक आहे, असे उत्तर दिले जाते, आणि कायद्याने ती आहेही. एका वकिलाने बुडवलेल्या दाव्यासाठी दुसऱ्या वकिलाकडून दुसरा दावा.

आपण ही पद्धत जिथून घेतली त्या इंग्लंडने ती बदलली. सॉलिसिटरांच्या शिस्तपालन न्यायाधिकरणात दोन सॉलिसिटरांबरोबर एक व्यवसायाबाहेरचा सदस्य बसतो. २००७ च्या कायद्यानंतर नेमलेला लीगल ऑम्बड्समन अशिलाला भरपाई द्यायला लावू शकतो. यामुळे तिथल्या वकिलांचे स्वातंत्र्य गेले, असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे मात्र बाहेरचा एक माणूस समितीत बसवण्याची भाषा निघाली की १९१९ ची आठवण काढली जाते. विधी आयोगाने २०१७ मध्ये २६६ व्या अहवालात बदलांचा मसुदा मांडला तेव्हा वकिलांनी संप केले. त्या मसुद्यात आक्षेपार्ह गोष्टी होत्याच. पण विरोधाच्या घोषणांत अशिलाला भरपाई मिळण्याच्या प्रश्नाला जागा नव्हती.

अशील मध्यभागी आलेला एक निकाल मात्र आहे, आणि तो कृष्ण अय्यर यांचाच. १९७८ चे रंगादुराई प्रकरण मद्रासचे. प्रॉमिसरी नोटेवर वसुलीचा दावा करायला एका वृद्ध जोडप्याने वकिलाला पैसे दिले. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हते. वकिलाने दावा केला नाही आणि केल्याचे भासवत राहिला. राज्याच्या समितीने सहा वर्षांसाठी सनद स्थगित केली, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ती एक वर्षावर आणली. कृष्ण अय्यर यांनी बहुमताच्या निकालात ती आणखी कमी केली, पण अट घातली: वकिलाने वर्षभर गरिबांसाठी मोफत कायदेशीर मदतीचे काम करावे आणि पीडिताला अडीच हजार रुपये देऊन पावती हजर करावी. दाभोळकर निकालात जो माणूस दिसला नाही, तो इथे निदान पावतीवर सहीपुरता आला.

न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी असहमती नोंदवली. एवढ्या गंभीर विश्वासघाताला शिक्षा कमी करण्याचे कारण नाही, आणि अशा अटी घालण्याचा अधिकार या कायद्याने दिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. कायद्याचा शब्द पाहिला तर सेन यांची बाजू अधिक भक्कम आहे; कलम ३५ मध्ये परत देण्याचे क्रियापद नाही. ते आजही तिथे नाही, आणि कृष्ण अय्यर यांनी मागवलेली ती पावती पुढच्या निकालांची रीत झाली नाही.